कार्बनचे सूक्ष्म वाहक आणि आपला ‘योगवाही’

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाखेच्या सभेनंतर एका औषधनिर्मात्याच्या प्रतिनिधीने पडद्यावर दोन चित्रे शेजारी शेजारी दाखविली. एका बाजूस कार्बनच्या नॅनोनलिकेचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेले छायाचित्र होते, तर दुसऱ्या बाजूस खलामध्ये घोटली जात असलेली काळीभोर मषी. ‘पाश्चात्त्यांना जे आज सापडले, ते आपल्या ऋषींनी कधीच करून ठेवले आहे,’ असे वाक्य त्याने उच्चारताच सभागृहात टाळ्या झाल्या. त्यानंतर एका ‘कार्बन-नॅनो’ कॅप्सूलची माहितीपत्रके वाटण्यात आली आणि त्यांवर कर्करोगाचा उल्लेख होता. आम्हीही त्या सभेत होतो. टाळ्या वाजविल्या नाहीत एवढेच. परंतु उठून एक प्रश्नही विचारला नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी आहे.

पुढे तीन महिन्यांनी स्तनाच्या कर्करोगाची एक रुग्णा पतीसह आमच्या चिकित्सालयात आली. रुग्णालयातील केमोथेरपीची दोन आवर्तने झाली होती. तिसऱ्यास जाण्याचे त्यांनी टाळले होते. केस गेले होते, तोंड आले होते, भीती बसली होती. आणि पिशवीत तीच खोकी होती. ‘यातले औषध थेट गाठीत जाते, बाकी शरीराला लागत नाही, असे दुकानात सांगितले,’ हे त्यांचे शब्द. आम्ही त्यांना समजावून परत रुग्णालयात पाठविले. मुखपाकासाठी गंडूष, अग्निमांद्यासाठी साधा आहारक्रम दिला आणि तोही तेथील तज्ज्ञांना कळवून. त्यांनी उपचार पूर्ण केले. मधल्या सात आठवड्यांचे काय झाले याचा हिशेब मात्र कोणालाही मांडता येणार नाही.

त्या दुकानदारावर आमचा राग नाही. जे वाक्य त्याने ग्राहकाला सांगितले, ते आपल्याच सभेत तयार झालेले होते.

म्हणून प्रथम मूळ विषय नीट पाहू. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. या मापात कार्बन अनेक रूपे घेतो. १९८५ मध्ये साठ अणूंचा पोकळ चेंडू, म्हणजे फुलेरीन, सापडला. त्याबद्दल क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ मध्ये जपानचे इजिमा यांनी कार्बनच्या नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. २००४ मध्ये एकाच अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा, ग्राफीन, गाइम आणि नोवोसेलोव यांनी वेगळा केला. त्याच वर्षी, नलिका शुद्ध करताना उरलेल्या काजळीत, प्रकाश देणारे कार्बनबिंदू हाती लागले. मेणबत्तीच्या काजळीपासूनही असे बिंदू करता येतात हे २००७ मध्ये दाखविले गेले. घरोघरी एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरणाऱ्या समाजाला ही गोष्ट वाचून गंमत वाटणे स्वाभाविक आहे, आम्हालाही वाटली.

कर्करोगाच्या औषधासाठी कार्बनच का? याचे उत्तर पृष्ठभागात आहे. एक ग्रॅम ग्राफीनच्या दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग गणिताने सुमारे २६०० चौरस मीटर, म्हणजे आपल्या शेतीच्या भाषेत सव्वीस गुंठ्यांच्या आसपास भरतो. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाचा रेणू सपाट, कड्यांचा बनलेला असतो. तो कार्बनच्या सपाट जाळीवर एखाद्या पत्रावळीवर दुसरी पत्रावळ बसावी तसा बसतो. येथे रासायनिक बंध करावा लागत नाही. रक्ताच्या सामान्य अवस्थेत तो बऱ्यापैकी धरून राहतो आणि पेशीच्या आतील आम्ल कोशिकेत गेला की सुटू लागतो. धरणे आणि सोडणे, या दोन क्रियांवर वाहकाची सारी विद्या उभी आहे. पहिली जमली व दुसरी जमली नाही तर तो वाहक नव्हे, कोंडवाडा होय.

प्रयोगांतून मिळालेले यश खोटे नाही. २००८ मध्ये अमेरिकेत पॅक्लिटॅक्सेल हे औषध कार्बन नलिकांना जोडून उंदरांना दिले, तेव्हा गाठीत ते सुट्या औषधापेक्षा अधिक पोहोचले. २०११ मध्ये नॅनोहिऱ्यावर, म्हणजे काही नॅनोमीटर व्यासाच्या हिऱ्याच्या कणावर, डॉक्सोरुबिसिन बसवून औषधाला न जुमानणाऱ्या गाठींवर प्रयोग झाले. कर्कपेशीच्या आवरणात औषध बाहेर फेकणारा एक पंप असतो, त्यास पी-ग्लायकोप्रोटीन म्हणतात. सुटे औषध आत शिरताच हा पंप त्याला हुसकून लावतो. कणावर बसलेले औषध मात्र आत राहून हळूहळू सुटत राहते. उंदरांमध्ये गाठी आटोक्यात राहिल्या आणि औषधाची विषारी लक्षणेही कमी दिसली.

येथपर्यंतचे वर्णन ऐकून कोणत्याही वैद्याच्या मनात ‘योगवाही’ हा शब्द उमटेल. उमटलाच पाहिजे. स्वतःचे गुण न सोडता दुसऱ्या द्रव्याचे गुण वाहून नेणारे द्रव्य ही कल्पना संहितेत स्पष्ट आहे. मध योगवाही आहे, वायू योगवाही आहे, पिप्पली योगवाही आहे. आपण अनुपानाचा विचार करतो तो याच भूमिकेवरून. कल्पनेच्या पातळीवर हे साम्य खरे आहे आणि त्याचा अभिमान बाळगण्यात काही वावगे नाही.

पण साम्य कल्पनेचे आहे, वस्तूचे नाही. आमचा मतभेद नेमका येथून सुरू होतो.

मषी घ्या. त्रिफळा मषी आपण मधातून व्रणावर लावतो, मयूरपिच्छ मषी छर्दी व हिक्केत चाटवितो, हस्तिदंत मषीचा उल्लेख खालित्यात येतो. द्रव्य काळे होईपर्यंत, परंतु राख होऊ न देता, जाळणे हे या कल्पनेचे मर्म. भस्मात कोळसा जळून जावा लागतो, मषीत तो राहावा लागतो. ज्याने गजपुटाच्या राखेत अर्धवट काळे राहिलेले पाहिले आहे त्याला हा फरक सांगावा लागत नाही. अशा मषीत सूक्ष्म कार्बनकण असतील यात आश्चर्य ते काय? चुलीच्या धुराड्यातही असतात. परंतु औषधवाहक नलिका म्हणजे ठरावीक व्यासाची, ठरावीक लांबीची, धातूची अशुद्धी काढून घेतलेली, पाण्यात मिसळावी म्हणून विशिष्ट बहुवारिकाचे आवरण चढविलेली, औषध मोजून बसविलेली आणि शिरेवाटे देण्यासाठी घडविलेली वस्तू. मषी तोंडावाटे किंवा त्वचेवर दिली जाते, तिच्यावर कर्करोगाचे कोणतेही औषध बसविलेले नसते आणि ती आतड्यातून रक्तात शिरून गाठीपर्यंत पोहोचते असे कोणी दाखविलेले नाही. दोहोंमध्ये समान काय, तर काळा रंग आणि कार्बन हे मूलद्रव्य. एवढ्या साम्यावर आंबा आणि शेंदाड एक ठरविता येतील.

भस्मांविषयीही हेच. वारितरत्व, रेखापूर्णता, निश्चंद्रत्व, अपुनर्भव, निरुत्थ या परीक्षा आपल्या पूर्वसूरींच्या सूक्ष्म निरीक्षणाची साक्ष देतात. काही भस्मांत नॅनोमीटरच्या मापाचे स्फटिक आढळल्याचे शोधनिबंधही प्रसिद्ध झालेले आहेत. तरीही कण लहान असणे हा गुण आहे, प्रमाणपत्र नव्हे. लहान झालेला कण अधिक खोलवर जातो, आणि जे औषध म्हणून जाते तेच विष म्हणूनही जाऊ शकते. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतील ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी तो कटाचा भाग ठरविला. परंतु १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधी कल्पांची जड धातूंसाठी चाचणी सक्तीची झाली. ती कटामुळे झाली नाही. आपल्याकडे दाखवायला कागद नव्हता म्हणून झाली.

आता नॅनोच्या बाजूचे वास्तवही पाहावे, कारण माहितीपत्रकात ते नसते. ‘औषध थेट गाठीत जाते’ हे वाक्य कार्बनच काय, कोणत्याही नॅनोकणाच्या बाबतीत खरे नाही. गाठीतील रक्तवाहिन्या गळक्या असतात व त्यामुळे सूक्ष्म कण तेथे साचतात, हा विचार १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडला आणि पुढील तीस वर्षे संशोधन त्यावर चालले. २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या भागाचा मध्यांक ०.७ टक्के निघाला. म्हणजे शंभर कणांतील एकही पुरता नाही. उरलेले बहुतांश यकृत आणि प्लीहा गिळतात. रक्तात शिरताच कणाभोवती प्रथिनांचे पुट चढते आणि यकृतातील भक्षक पेशी त्याला परका म्हणून ओळखतात. रंजक पित्ताचे स्थान यकृत-प्लीहा असे शिकलेल्या आपल्याला ही अवयवांची जोडी ओळखीची आहे.

याचा अर्थ नॅनोऔषधे निरुपयोगी आहेत असा नाही. मेदाच्या सूक्ष्म पिशवीत भरलेले डॉक्सोरुबिसिन १९९५ पासून आणि अल्ब्युमिनला बांधलेले पॅक्लिटॅक्सेल २००५ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. दोन्ही आपल्याकडील कर्करुग्णालयांतही वापरली जातात. पहिल्याचा खरा लाभ हृदयाला होणारी इजा कमी होण्यात आहे. मात्र ते वाहक मेदाचे आणि प्रथिनाचे आहेत, शरीर त्यांना पचविते. कार्बनच्या नलिकेवरून कर्करोगाचे औषध देणारा एकही कल्प अद्याप रुग्णांसाठी मान्य झालेला नाही. शरीर तिचे काय करते, किती काळात ती बाहेर पडते, या प्रश्नापाशी घोडे अडलेले आहे. २००८ मध्ये उंदरांच्या उदरावरणात लांब व ताठ नलिका टोचल्या असता ॲस्बेस्टॉससारखाच दाह व ग्रंथी उत्पन्न झाल्या; आखूड व गुंतलेल्या नलिकांनी तसे केले नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बहुस्तरी नलिकांच्या एका विशिष्ट प्रकारास ‘मानवात कर्करोग उत्पन्न करण्याची शक्यता असलेला’ या गटात घातले. अन्य नलिकांबाबत पुरावा अपुरा ठरविला. द्रव्य तेच, लांबी बदलली की कर्म बदलले. संस्काराने गुणांतर होते हे आपण ज्या ग्रंथांतून शिकतो, त्या आपल्याला हे समजण्यास अडचण पडू नये.

कार्बनकणांचा मनुष्यावर प्रत्यक्ष उपयोग होत असलेले एक उदाहरण चीनमध्ये आहे, आणि ते फार बोलके आहे. तेथे सुमारे १५० नॅनोमीटर मापाच्या कार्बनकणांचे निलंबन जठर व अवटु ग्रंथीच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत टोचतात. हे कण रक्तकेशिकांच्या भिंतीतून जाण्यास मोठे आणि लसवाहिन्यांत शिरण्यास पुरेसे लहान असल्याने लसग्रंथी काळ्या होतात व शल्यविशारदास नेमक्या दिसतात. अवटुजवळच्या परावटु ग्रंथी काळ्या न होता वाचविता येतात. येथे कार्बन औषध वाहून नेत नाही, बरे करण्याचा दावाही करीत नाही. काळा रंग योग्य जागी नेतो, एवढेच. एका मर्यादित कामासाठी एक मोजलेला कण. आम्हाला यात जी शिस्त दिसते ती त्या माहितीपत्रकात शोधूनही सापडत नाही.

आता आपल्या चिकित्सालयातील आणि दुकानातील व्यवहाराकडे येऊ. कार्बनचा धरून ठेवण्याचा गुण आपल्या रुग्णाला उलटा बाधू शकतो. विषबाधेत सक्रिय कोळसा देतात तो जठरातील विष शोषून घेतो म्हणून. परंतु विष आणि औषध यांत तो भेद करीत नाही. कर्करोगाची अनेक औषधे आता गोळ्यांच्या रूपात घरीच घेतली जातात. त्याच वेळी रुग्ण कोळशाची कॅप्सूल घेत असेल तर गोळीचा अंश रक्तात न जाता मलावाटे निघून जाण्याचा धोका आहे. ‘वाहक’ म्हणून विकलेली वस्तू येथे चोर ठरते. मषी तोंडावाटे देतानाही ही शंका मनात ठेवावी आणि रुग्ण अशा गोळ्यांवर असेल तर ती देऊच नये, असे आमचे मत आहे.

याच्या नेमकी उलट बाजू पिप्पलीची. १९९८ मध्ये २ ग्रॅम हरिद्रासत्त्वासह २० मिलिग्रॅम पिपेरीन दिल्यावर मनुष्यात त्याची रक्तातील उपलब्धता वीस पटींनी वाढल्याचे बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले. हा शोधनिबंध आपण प्रत्येक परिषदेत दाखवितो. परंतु पिपेरीन हे काम कसे करते? आतड्यातील व यकृतातील औषध मोडणारी विकरे आणि तोच पी-ग्लायकोप्रोटीन पंप ते मंद करते. म्हणजे केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णास आपण सहज त्रिकटू दिले, तर त्याच्या रक्तातील विषारी औषधाची पातळीही वाढू शकते, आणि ती मात्रा ठरविणाऱ्या तज्ज्ञास त्याचा पत्ता नसतो. चरकाचार्यांनी विमानस्थानात पिप्पलीस योगवाही म्हटले आणि त्याच ठिकाणी तिचा अतियोग करू नये असेही बजावले. आपण पहिला भाग भिंतीवर लावला आणि दुसरा विसरलो.

औषधालयांच्या चालकांना दोन गोष्टी कळविणे आवश्यक वाटते. १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत कर्करोग आहे. त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वेष्टन आणि लेबल हीसुद्धा जाहिरातच असते, व ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणे हाही अपराध आहे. कंपनीने दिलेला फलक दुकानात टांगताना ‘आम्ही फक्त विकतो’ ही सबब उपयोगी पडणार नाही. दुसरी गोष्ट निर्मितीची. मषी वा कज्जलीसारखी सूक्ष्म, काळी चूर्णे चाळताना व भरताना कामगाराच्या नाकातोंडात काय जाते याकडे आपल्याकडे कोणी पाहत नाही. अमेरिकेत कार्बन नलिकांच्या कारखान्यातील हवेसाठी २०१३ मध्ये घनमीटरला १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली गेली. आपली मषी म्हणजे नलिका नव्हे, हे वर म्हटलेच आहे. पण तोंडाला उपरणे गुंडाळून काम करणाऱ्या माणसाला चांगला मुखवटा व खिडकीला एक बहिर्गामी पंखा देण्यास नलिका असण्याची वाट पाहू नये.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो अगदीच चुकीचा नाही. ‘आपण दावाच करायचा नाही तर आपल्या शास्त्राकडे संशोधक वळणार कसे? उद्या परदेशी कंपनी मषीचेच एकस्व घेऊन मोकळी होईल.’ हळदीच्या व्रणरोपण गुणाचे अमेरिकेतील एकस्व १९९७ मध्ये रद्द झाले, ते सभेतील टाळ्यांनी नव्हे, तर छापील संदर्भ दाखवून. मषीचा अभ्यास अवश्य व्हावा. कोणत्या तापमानाला, किती वेळ, बंद की उघड्या भांड्यात. कणांचे माप किती. राखेचे प्रमाण किती. व्रणावर लावल्यास काय होते. महाविद्यालयांच्या पदव्युत्तर विभागांना हे विषय सहज पेलण्यासारखे आहेत. २०१९ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती वाचली तर एका कणासाठी किती गोष्टी मोजाव्या लागतात याची कल्पना येते. ज्याला ‘नॅनो’ हा शब्द लेबलवर हवा असेल त्याने ते मोजमाप घेऊन यावे. आम्ही त्याचे स्वागत करू.

संघटनेच्या येत्या वार्षिक सभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. कणांचे माप, विषारीपणाची चाचणी आणि जड धातूंचा अहवाल गटक्रमांकासह सादर केल्याशिवाय ‘नॅनो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कोणत्याही कल्पाचे सादरीकरण आपल्या व्यासपीठावर होऊ नये आणि त्याची जाहिरात या अंकात घेऊ नये, असा तो आहे. या त्रैमासिकाचा खर्च जाहिरातींवर चालतो, हे कोषाध्यक्ष आम्हास सांगतील व त्यांचे म्हणणे खरे असेल. तेवढ्यासाठी वार्षिक वर्गणी वाढवावी लागली तर वाढवावी, हे ठरावाचे दुसरे कलम आहे. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही.